चार बोटं उंच

आमच्या गल्लीच्या टोकाला जिचं पार्लर आहे, तिला सगळे कात्रीमावशी म्हणतात. हातातल्या कात्रीमुळे म्हणतात, असा तिचा समज आहे. खरं कारण तिची जीभ. गिऱ्हाइकाच्या सासूपासून नवऱ्याच्या टकलापर्यंत ती कुणालाच सोडत नाही. तिला मूलबाळ नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत एक दिवस बहिणीची दोन पोरं तिच्या वाट्याला येतात आणि त्या एका दिवसावर ती वर्ष काढते. बहीण कडक आहे. दर वेळी दारातच बजावते, "लाड कर, पण नियम मोडायला शिकवू नकोस. नाहीतर पुन्हा पाठवायची नाही."

यंदा तिने पोरांना वॉटर पार्कला नेलं. मोठ्या घसरगुंडीच्या पायथ्याशी एक खांब होता, त्यावर लाल रेघ. डोकं रेघेपर्यंत पोचलं तरच तिथला शिट्टीवाला रखवालदार वर सोडायचा. भाचा सहज गेला. भाची चार बोटं कमी पडली. भाऊ वरून वाकुल्या दाखवायला लागला, तसं तिने भोकाड पसरलं.

मावशीला ते बघवेना. पोरीला आडोशाला नेऊन तिने डोक्याच्या मधोमध अंबाडा बांधला, आत स्वतःचा मोजा कोंबला आणि भराभर पिना खोचल्या. हात इतका सराईत की कुणाच्या बापाला पत्ता लागला नसता. पाळी बदलून नवा शिट्टीवाला आला होता. त्याने एकदा रेघेकडे पाहिलं आणि मान हलवली. मावशीची छाती अभिमानाने फुगली.

खालचं पाणी मात्र पोरीच्या नाकावरून जात होतं. ती वेगाने खाली आली, हनुवटी घसरगुंडीच्या कडेवर आपटली, नाकातोंडात पाणी गेलं. कुणीतरी उडी मारून तिला बाहेर काढलं. अंबाडा सुटला होता आणि मोजा पाण्यावर तरंगत होता. आपणच हिला पाण्यात ढकललं, एवढंच मावशीच्या मनात येत राहिलं.

हनुवटीला टाके घालून घरी परतल्यावर बहिणीने विचारलं, "उंची मोजत नाहीत का तिथे?"

मावशीने नजर चुकवली. तेवढ्यात भाचीच म्हणाली, "मी टाचा उंच केल्या."

मग पोरीला जे काही ऐकावं लागलं, ते मावशीने खाली मान घालून ऐकलं. एरवी कुणाला हार न जाणारी जीभ टाळूला चिकटून बसली. "मुलंच ती, होतं असं," एवढं पुटपुटून ती निघाली.

कोपऱ्यापर्यंत गेली आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. एवढीशी पोर माझ्यासाठी बोलणी खाते आणि मी पळते? ती परत फिरली. दार उघडताच एका दमात म्हणाली, "ताई, टाचा नव्हत्या. अंबाडा मी बांधला, मोजा घालून. तिला काही बोलू नकोस."

बहीण दार पूर्ण उघडून नुसती बाजूला झाली. ती रागावली असती तर मावशीला बरं वाटलं असतं.

आतून भाची धावत आली. आधी तिने आईकडे पाहिलं, मग मावशीकडे, आणि रडायलाच लागली.

"कशाला सांगितलंस गं? आता आई आम्हाला तुझ्याबरोबर कधीच नाही पाठवणार."

मावशीने बहिणीकडे पाहिलं. बहिणीने पोरीला जवळ ओढलं, पण ‘पाठवीन’ असं काही म्हणाली नाही.