बिवळ्याखालची घाणेरी

आरेतल्या ज्या तुकड्यावर आम्ही जुनं जंगल परत उभं करायला जायचो, तिथे बिवळ्याचं एकच म्हातारं झाड उरलं होतं. पावसाळ्यात त्याच्याखाली सहा रोपं आपसूक उगवली होती, घाणेरीच्या काटेरी जाळीत.

घाणेरी बाहेरून आलेली, देशी झाडांना जागा देत नाही, ती काढा, असं आमच्या कॉलेजच्या सरांनी सांगितलं होतं. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. आई रोज बजावायची, "सर सांगतत तसाच कर गो." म्हणून त्या शनिवारी सगळे चहाला गेले तरी मी कोयता चालवत राहिले. रोपांना जपून, भोवती अंगण झाडल्यासारखं स्वच्छ केलं आणि खुशीत मुलुंडला परतले.

रविवारी सकाळी सगळ्यांच्या आधी पोहोचले. रोपांच्या जागी बोटभर दांडे उरले होते. मातीत शेळ्यांचे खूर, लेंड्या. यंदा त्या झाडाला शेंगाही धरल्या नव्हत्या, म्हणजे नवं बीही मिळणार नव्हतं. सरांना काय सांगू? शेळ्यांनी खाल्लं, एवढंच म्हटलं तर ते खोटंही नव्हतं. पण सगळं खरं सांगितलं तर मला परत येऊ देतील का?

मागून शेजारच्या आदिवासी पाड्यातली आजी आली. आम्हाला झाडं ओळखायला तीच शिकवायची.

"इथली जाळी कोणी काढली?"

"मी. साफ केलं."

"मी मुद्दाम ठेवली होती. काट्यात शेळी तोंड घालत नाही. कॉलेजात झाडू मारायला शिकवतात काय गं?"

ती उकिडवी बसली. नखाने एकेक दांडा खरवडून बघितला. "दोन मुळापासून गेलीत. चार आतून ओली आहेत. जगली तर जगली."

"सरांना तू सांगशील?"

"तूच सांग. आधी काटे आण."

जाळायला रचलेली घाणेरी मी परत ओढून आणली आणि दांड्यांभोवती कुंपणासारखी लावली. "मुळं वर ठेव, नाहीतर पुन्हा रुजेल," ती म्हणाली. सर आले तेव्हा माझे हात ओरबाडलेले होते. मी सगळं सांगितलं, शेळ्यांचं शेवटी. मग तेही काटे ओढू लागले.

अजूनही दर शनिवारी बसमधून उतरले की बिवळ्याच्या अलीकडच्या वळणावर थांबते, शेळ्यांचा आवाज येतो का ते ऐकते. चारांतल्या एकालाच फूट आली आहे. कुंपणाच्या काट्यांतून वाकून ती फूट अजून आहे ना ते बघते, मगच कामाला लागते.