भरतीची वेळ सांगणारी बबीआत्या

बबीआत्याने कधी कुणाला "बसा" किंवा "कसे आहात" म्हटल्याचं मला आठवत नाही. भाईंदरजवळच्या मुर्धा गावातल्या आमच्या घरी कुणीही आलं, की ती दाराच्या चौकटीकडे बघत सांगायची, "आज भरती दोन वाजून दहा मिनिटांनी." पाहुणा लग्नाची पत्रिका घेऊन आलेला असो, नाहीतर पोलिओचा डोस द्यायला आलेली बाई असो, सुरुवात हीच. तिथीवरून ती भरती-ओहोटीचा हिशेब मनातल्या मनात करायची आणि तो चुकायचा नाही. होडीवाले जाता जाता कुंपणापलीकडूनच विचारत, "बबे, किती वाजता?" त्यांना तिचं कौतुक होतं. बाकीच्यांना नव्हतं. शेजारचे तात्या वारले तेव्हा भेटायला गेलेली आत्या त्यांच्या रडणाऱ्या सुनेला म्हणाली होती, "गेले तेव्हा ओहोटी लागली होती. वीस मिनिटं झाली होती." त्यानंतर आजीने तिला कुठल्याही मयताला नेलं नाही.

ती माझ्या बाबांची थोरली बहीण. एकोणिसाव्या वर्षी तिचं लग्न शेजारच्या राई गावातल्या एका घरात झालं आणि चार महिन्यांत ती परत आली. सासूने फडताळातल्या डब्यांची जागा बदलली, म्हणून हिने सगळे डबे जमिनीवर उतरवले आणि पूर्वीसारखे लावायला घेतले. सासू मध्ये आली, तिने हिचा दंड धरला, तर ही इतक्या जोरात ओरडली की गल्ली गोळा झाली. सासरच्यांनी दुसऱ्याच दिवशी आणून सोडलं. गावाने एक शब्द ठरवला, 'येडी', आणि पुढे कुणाला दुसऱ्या शब्दाची गरज पडली नाही. बाबाही चिडले की तोच वापरायचे. आत्या त्यावर शांतपणे म्हणायची, "येडी न्हाय. मला हात लावला तिनं."

मी जरा मोठी झाले तशी माझ्याकडे बोट दाखवून घरात म्हणू लागले, "आत्यावर गेलीय." वरवर पाहता ते खरं होतं. दोघींना तीनदा हाक मारावी लागायची. दोघी समोरच्याचं बोलणं अर्ध्यात तोडायच्या. वरातीचा बँड दारात आला की दोघी कान दाबून मागच्या पडवीत पळायच्या. पण मला हाक ऐकू यायची नाही कारण माझं मन एका वेळी दहा ठिकाणी असायचं. तिला यायची नाही कारण ती एकाच ठिकाणी, अगदी तळाशी बसलेली असायची. मला दोन दिवस लागोपाठ तीच भाजी नकोशी व्हायची. ती वर्षानुवर्षं त्याच ताटलीत भात आणि सुक्या बोंबलाचं कालवण जेवली. मी घरभर वस्तू टाकत फिरायचे आणि ती मागून येऊन त्या जागेवर ठेवायची. एकदा म्हणाली, "सोनाली, तुझं डोकं गळतंय. माझं गळत न्हाय, म्हणून दुखतंय."

शाळेला निघताना ती दारात उभी राहून माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणायची, "डबा. पाणी. ओळखपत्र. भूमितीची वही." त्यातलं एक तरी मी विसरलेली असायचेच. दहावी-बारावी मी तिच्या आठवणीच्या जोरावर पास झाले. बदल्यात मी तिच्या वतीने बोलायचे. दुकानदाराशी हिंदीत, बँकेतल्या माणसाशी शुद्ध मराठीत, पाहुण्यांशी गोड. कुणी तिला हसलं तर भांडायलाही मीच.

एकतिसाव्या वर्षी माझी तिसरी नोकरी गेली. मैत्रिणीने मीरा रोडच्या एका डॉक्टरबाईंकडे नेलं. चार-पाच भेटींनंतर त्या म्हणाल्या की हा आळस नाही, एडीएचडी आहे. लक्ष लागत नाही असं नाही, लक्ष कुठे लावायचं ते माझ्या हातात राहत नाही. मला रडू फुटलं. मग मी त्यांना आत्याबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, "न बघता सांगता येणार नाही, पण हे ऑटिझमकडे जाणारं वाटतंय. दोन्ही एका घरात सापडतात, कधी एकाच माणसात. बाहेरून सारखं दिसतं, आतलं कारण वेगळं असतं. घेऊन या त्यांना."

घरी येऊन मी आत्याला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "नाव कळल्यावर काय करतात?"

"मला गोळ्या दिल्यात."

"मला?"

"तुला गोळी नाही. लोकांनी समजून घ्यायचं."

"मग लोकांना ने डाक्टरकडं," ती म्हणाली आणि भांडी लावायला गेली. मी हसले. तिला नेण्याचं मात्र राहून गेलं. दोनदा तारीख घेतली आणि दोन्ही वेळा मीच विसरले.

पुढच्या वर्षी बाबांनी आणि काकांनी घर बिल्डरला दिलं. नवी इमारत होईपर्यंत आम्ही भाईंदरच्या जेसल पार्कात भाड्याने अकराव्या मजल्यावर राहायला गेलो. आत्याचा सगळा दिवसच मोडला. लिफ्टचा आवाज, वरच्यांचं ड्रिलिंग, रोज नवे चेहरे. ती बाथरूममध्ये नळ सोडून बसू लागली, कारण त्या आवाजात बाकीचे आवाज बुडायचे. मी तिला गॅलरीतून खाडी दाखवली. "ही आपली न्हाय," ती म्हणाली आणि आत गेली. मुर्ध्याला गेलं, पाडलेल्या घराच्या जागी थोडा वेळ उभं राहिलं, की तेवढ्यापुरती ती शांत व्हायची. म्हणून मी तिला स्कूटरवरून नेऊ लागले. स्कूटरवर ती माझ्या खांद्याला धरायची नाही. मागची दांडी धरायची.

त्या दिवशी अमावास्या होती. मे महिना, भरती साडेबाराच्या सुमारास. माझ्या गोळ्या संपून आठवडा झाला होता. नवी चिठ्ठी आणायची होती, ती आणली नव्हती. आम्ही त्याच सुमारास जागेवर पोचलो आणि माझ्या नव्या ऑफिसचा फोन आला, एक सही केलेला कागद लगेच स्कॅन करून हवा होता. मी तिला म्हटलं, "आत्या, इथेच थांब. हलू नकोस. मी पाच मिनिटांत आले."

"पाच?"

"पाच."

झेरॉक्सच्या दुकानात वीज गेलेली. म्हणून भाईंदर स्टेशनजवळच्या दुकानात गेले. तिथे दुसरा फोन आला, मग तिसरं काम निघालं. प्रत्येक काम मला त्या क्षणी जगातलं एकमेव काम वाटलं. रेल्वेचं फाटक ओलांडून मी जेसल पार्कला आले, जेवले, लॅपटॉप उघडला. साडेचारला बाबा झोपून उठले आणि म्हणाले, "बबी कुठाय गं?"

स्कूटर कशी चालवली ते आठवत नाही. आत्या सांगितल्या जागीच उन्हात पडली होती. वीस पावलांवर बदामाच्या झाडाची सावली होती. बांधकामाचा वॉचमन दोनदा तिला बोलवायला गेला होता, "अम्मा, छाँव में आ जाओ." ती म्हणाली होती, "हलू नको सांगितलंय." पडल्यावर तो उचलायला गेला तर तिने त्याला ओरबाडलं. तो घाबरला, लांबूनच पाणी शिंपडत राहिला आणि मुकादमाला फोन लावत राहिला. तिचं अंग तव्यासारखं तापलं होतं आणि घाम अजिबात नव्हता. मी तिला उचललं. तिने अंग आक्रसलं नाही. तिथेच मला कळलं.

दवाखान्यात रात्रीतून थोडी शुद्ध आली तशी ती सलाईनच्या नळ्या ओढू लागली, म्हणून तिचे हात पट्टीने खाटेला बांधले. मी नर्सला विनवलं, "हात लावायच्या आधी तिला सांगा. नुसतं सांगा." ती पोरगी चांगली होती. दर वेळी वाकून म्हणायची, "मावशी, आता हात लावतेय हं." तिसऱ्या दिवशी सकाळी आत्या गेली.

बाबांनी मला दोष दिला नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या की हा तुमच्या आजाराचा भाग होता, स्वतःला गुन्हेगार समजू नका. त्यांचं म्हणणं मला पटत नाही, आणि खोटं आहे असंही म्हणता येत नाही. गोळी मी आता चुकवत नाही. गोळी घेतली की काम सुचतं, एका जागी बसता येतं. त्या चार तासांपाशीही बसता येतं, ही त्यातली वाईट गोष्ट.

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती दवाखान्याची खिडकी. मृतदेह ताब्यात घेण्याआधी एक फॉर्म भरायचा होता. आतला क्लार्क एकेक विचारत होता. नाव, वय, पत्ता. "आधीचा काही आजार?"

"न्हाय," बाबा म्हणाले.

मी तोंड उघडलं, पण माझ्याकडे दाखवायला निदानाचा कागद नव्हता. तेवढ्यात बाबाच म्हणाले, "हाय. पण काय ते म्हायत न्हाय." आणि ते सांगू लागले. आई सांगायची, चार वर्षांची असताना बबी तिलाही उचलू द्यायची नाही. लोकरीचा कपडा अंगाला लागला की रडायची. शाळेत बाकाची जागा बदलली म्हणून तीन दिवस बोलली नव्हती. राईहून परत आली तेव्हा दंडावर बोटांचे वळ होते, आणि ते जाईपर्यंत ती दंडाकडे बघत नव्हती. बाबांनी तिच्याकडे कधी धड पाहिलंच नाही असं मी समजत होते. त्यांना सगळं पाठ होतं. मागे रांग वाढत होती, कुणी कुरकुरलं, तरी ते थांबेनात.

शेवटी क्लार्कने पेन खाली ठेवलं. "काका," तो हळूच म्हणाला, "इथे एकच ओळ आहे. 'नाही' लिहू?"

बाबांनी खिडकीतून वाकून त्या ओळीकडे पाहिलं.

"नको," ते म्हणाले. "रिकामी ठेवा."