शुक्रवारची भाऊबीज

मला बहिरा ठरवलं ते माझ्या आईनं, आणि तेही बहिणीच्या पाहण्याच्या कार्यक्रमात, पाव्हण्यांच्या हातात पोह्यांच्या बश्या असताना.

खरं तर माझे कान गरजेपेक्षा जास्त चालतात. शेजारच्या ब्लॉकमध्ये कुणी स्टीलचं ताट मोरीत टाकलं तर ते माझ्या दातांत वाजतं. नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत सकाळी भोंगा व्हायचा आणि वडील डबा घेऊन नोटांच्या प्रेसच्या पाळीला निघायचे. भोंग्याआधी मी उशी डोक्यावर दाबून पडलेला असायचो. भोंगा थांबला तरी मी लवकर उठत नसे. वडील म्हणायचे, "नाटकं बंद कर." आई सुरुवातीला दृष्ट काढायची. पुढे तिचीही खात्री पटली की ही नाटकंच आहेत, आणि मग मार बसायला लागला. दिवाळीत सगळी पोरं अंगणात फटाके उडवायची आणि मी, चांगला मिसरूड फुटलेला घोडा, गोधड्यांच्या फडताळात दडून बसायचो. लाज वाटायची का? अहो, भयंकर वाटायची. पण भीती लाजेपेक्षा मोठी होती, त्याला काय करणार!

दुसरं एक खूळ होतं. मला माणसाच्या तोंडाकडे बघता येत नाही. समोरच्याच्या शर्टाचं दुसरं बटण, ही माझी हद्द. वडील हनुवटी धरून तोंड वर करायचे, "बघ इकडे, चोरी केलीस का?" मी डोळे मिटून घ्यायचो.

आता या सगळ्याला एक शब्द आहे, ऑटिझम. डॉक्टरनं तो मला सांगितला तेव्हा माझे केस पांढरे झाले होते. सत्तरच्या दशकात आमच्या कॉलनीत 'विक्षिप्त' आणि 'लाडावलेला' एवढे दोनच शब्द होते. आईला ते दोन्ही सोयीचे नव्हते, कारण बहीण लग्नाची होती. भाऊ विक्षिप्त म्हटलं की घराण्यात वेडाची शंका येते. तिची आधीची दोन स्थळं याच शंकेनं गेली होती. घरात कुणी तसं बोलून दाखवलं नाही, पण मला ठाऊक होतं.

मालेगावचं स्थळ आलं तेव्हा मला सरकारी कचेरीत नोकरी लागली होती. जुन्या फायलींच्या खोलीत बसायचो. माझ्यासारख्याला तो स्वर्गच. मुलाच्या घरचे यंत्रमाग होते, घरामागच्या शेडमध्ये. पाव्हणे लांबून येणार म्हणून जेवणाचाही बेत होता. आईनं माझ्यासाठी भात पातेल्यात शिजवायचं ठरवलं होतं. पण शेजारच्या काकू मदतीला धावून आल्या, आणि येताना आपला नवाकोरा कुकर घेऊन आल्या. शेजाऱ्यांसमोर आई नाही तरी कशी म्हणणार?

मुलाचे वडील बहिणीला शिक्षण विचारत होते आणि शिट्टी झाली.

मी पाव्हण्यांच्या समोर जमिनीवर बसलो होतो. दोन्ही हात कानांवर गेले, डोकं गुडघ्यांत गेलं आणि घशातून तो माझा आवाज निघाला, 'उं उं' असा. ढोरासारखा आवाज आहे तो, मला माहीत आहे. बंद करता येत नाही. मान वर केली तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते आणि बहीण स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे. धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं.

आई शांतपणे म्हणाली, "लहानपणी ताप डोक्यात गेला हो त्याच्या. तेव्हापासून ऐकायला येत नाही. मधूनमधून कान ठणकतात." वडिलांनी तिच्याकडे पाहिलं आणि पोह्यांत चमचा घातला.

मला वाटलं, संपलं. हेही गेलं. पण आईच्या ओठांकडे टक लावून बसलेले मुलाचे वडील उठले, माझ्याजवळ येऊन बसले, माझ्या पाठीवर थाप मारली आणि माझ्या कानाला तोंड लावून एवढ्यांदा ओरडले की डोळ्यांपुढे काजवे चमकले. "काही हरकत नाही, पोरा! माले बी तेच शे! आपलाच माणूस शे हा!"

आयुष्य मागांच्या खडखडाटात गेल्यानं त्यांचे कान गेले होते. लग्न तिथंच ठरलं. आई रात्री मला म्हणाली, "आता तू बहिरा. बहिणीचं भलं व्हावं असं वाटतं ना?" मला वाटत होतं. माझ्या बहिणीइतकं मला कुणी सांभाळून घेतलं नव्हतं. फडताळात लपायचो तेव्हा बाहेरून दाराला पाठ लावून तीच बसायची.

लग्नात मला बँडशेजारी बसवलं. बाकीचे पाव्हणे तिथं बसायला कुरकुर करत होते, आणि म्हणे, याला काय फरक पडतो! मी शर्टाची बाही दातांत धरून बसलो. कानपिळीला दाजींचा कान पिळायला गेलो तेव्हा माझे हात इतके थरथरत होते की मंडपात हशा पिकला. त्या लग्नातलं एवढंच मला आठवतं.

खरी पंचाईत पुढं झाली. मालेगावात ज्या गल्लीत बहीण दिली तिथं घरागणिक माग. एकसारखा आवाज मी सोसू शकतो, एसटीचं इंजिन सोसतो. पण शेकडो मागांचा ठोका कधी जुळत नाही. पहिल्या भाऊबीजेला गेलो आणि गल्लीच्या तोंडावरच ओकलो. तिथूनच परत फिरलो. ओवाळणी नाही, काही नाही. ती ताट करून वाट बघत बसली असणार. आता सासरच्यांना सांगणार काय? मागांच्या आवाजानं परत गेला? अहो, तो तर बहिरा! आईच्या एका खोट्यानं मला सबबसुद्धा शिल्लक ठेवली नव्हती.

तोड बहिणीनंच काढली. मालेगावचे माग शुक्रवारी, जुम्म्याला, बंद असतात. सगळं गाव त्या दिवशी गप्प. तिनं निरोप धाडला, "दादा, भाऊबीज कुठल्याही वारी असू दे, तू पुढच्या शुक्रवारी ये." तेव्हापासून आमची भाऊबीज शुक्रवारची झाली. ती सांगायची, दादाला रजा मिळत नाही. तिच्या सासूबाई काही दुधखुळ्या नव्हत्या. "भाऊबीजेची सरकारी सुट्टी असते म्हणे. ती सोडून शुक्रवारची रजा मिळते? फराळ शिळा झाला की मग याला बहीण आठवते," असं त्या माझ्यासमोर, माझ्याकडे बघत हसून बोलायच्या. मला ऐकू येत नव्हतं ना! आणि मीही मठ्ठासारखा हसून मान डोलवायचो. बहीण ओवाळताना खाली बघायची.

सासऱ्यांना सगळे बाबा म्हणत, मीही म्हणायचो. बाबा मात्र माझी वाट बघायचे. अख्ख्या नात्यागोत्यात आपल्यासारखा हा एकटाच, असं त्यांनी धरलं होतं. मला हाताला धरून शेडमध्ये न्यायचे, बंद मागांवर हात फिरवून दाखवायचे आणि कानाला तोंड लावून ओरडायचे. मधूनच नुसते ओठ हलवायचे. मागावरची माणसं तशीच बोलतात, आवाज न काढता, नुसती ओठांनी. "माझ्या तोंडाकडे बघ, शिकशील," म्हणायचे. मी त्यांच्या बंडीच्या बटणाकडे बघायचो. इतक्या प्रेमानं मला कुणी बोलावत नव्हतं, आणि ते प्रेम मी फुकट लाटत होतो. घरी येताना एसटीत मला स्वतःची किळस यायची.

अशी काही वर्षं गेली. बहिणीला मुलगी झाली, ती चालायला लागली. त्या शुक्रवारी गेलो तर घर सगळं ओसरीवर जमलेलं. बाबा मुंबईला जाऊन आले होते. त्यांच्या बंडीच्या खिशात काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी, तिच्यातून निघालेली वायर आणि कानात बोंडूक. कानाचं यंत्र! आणि हातात दुसरी तशीच डबी, माझ्यासाठी आणलेली.

"आधी हा ऐकेल, मग ओवाळणी," बाबा म्हणाले. त्यांनी स्वतःच्या हातानं डबी माझ्या खिशात ठेवली, बोंडूक कानात बसवलं आणि चक्री फिरवली.

काय सांगू! आधी कुंई करून एक किंकाळी निघाली. मग माझ्या शर्टाचं कापड, भाचीचे पैंजण, सासूबाईंच्या बांगड्या, सगळं एकदम डोक्यात घुसलं. दाजींनी कौतुकानं टाळी वाजवली. बाबांनी माझ्या खिशाशी वाकून विचारलं, "येतं का ऐकू?"

मी म्हणालो, "हो बाबा, येतंय." आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. त्यांना वाटलं, पोराला इतक्या वर्षांनी ऐकू आलं, म्हणून रडतोय. त्या पहिल्यांदाच माझ्याशी मायेनं बोलल्या, "देव पावला रे बाबा." बाबांनी आनंदानं चक्री आणखी फिरवली. माझ्या घशात तो 'उं उं' यायला लागला होता. मी ओठ चावून तो दाबत होतो. चव रक्ताची लागत होती.

बहिणीनं ओवाळणीचं ताट खाली ठेवलं. पुढं आली आणि माझ्या कानातलं बोंडूक काढलं.

"बाबा, दादा बहिरा नाही."

ती नेहमीसारखी खाली बघून बोलली आणि बाबांच्या यंत्रात कुरकुर चालू होती, त्यांना कळलं नाही. "काय म्हणते?"

तिनं पुन्हा सांगितलं. पुन्हा नाही कळलं. मग माझी बहीण, जिनं सासरी कधी मान वर केली नव्हती, ती ओरडली, "दादा बहिरा नाही! त्याला आपल्यापेक्षा जास्त ऐकू येतं! आमच्या आईनं खोटं सांगितलं!"

शुक्रवार होता. गाव गप्प होतं. अख्ख्या गल्लीनं ते ऐकलं. समोरच्या ओसरीवरची माणसं उठून उभी राहिली. सासूबाईंचा पदर डोळ्यांवरून खाली आला. त्या एवढंच म्हणाल्या, "म्हणजे मी बोलायचे ते सगळं..." आणि आत गेल्या. त्यांनी पुढं बहिणीला त्याचं काय काय ऐकवलं ते तिनं मला कधी सांगितलं नाही. 'खोटारड्यांचं माहेर' हा शब्द मात्र भाचीच्या तोंडून मी ऐकला, तिला तो अर्थ न कळता पाठ झाला होता.

बाबा रागावतील असं मला वाटत होतं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या खिशातली डबी काढून घेतली आणि वायर नीट गुंडाळली. मग म्हणाले, "मग मी तुझ्या कानात ओरडायचो, ते? दुखायचं तुला?"

मी होकाराची मान हलवली. माझ्याच्यानं नाही म्हणवलं नाही.

त्यानंतर बाबा माझ्याशी कधी आवाज काढून बोलले नाहीत. स्वतःचा आवाज किती मोठा आहे हे त्यांना कळत नसे, म्हणून माझ्यापुरता त्यांनी तो बंदच करून टाकला. मी गेलो की शेजारी येऊन बसायचे, पाठीवर हात ठेवायचे आणि मागावरच्यासारखे नुसते ओठ हलवायचे. खूप बोलायचे. ते गेले त्याच्या आधीच्या शुक्रवारीसुद्धा खाटेवर पडून कितीतरी वेळ बोलत होते. बहिणीनं नंतर विचारलं, "काय सांगत होते रे बाबा?"

मला माहीत नाही. ते कळायला त्यांच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं. मी बंडीच्या दुसऱ्या बटणाकडे बघत होतो आणि मान डोलवत होतो.