अंगणातली रेघ

मी जळगावात इमारतींचे नकाशे काढतो. त्यामुळे पाचोऱ्याजवळच्या आमच्या घरी अंगणात काँक्रीट करायचं ठरलं, तेव्हा मला कोणी काही विचारलं नाही. पिकतं तिथे विकत नाही.

मिस्त्री मात्र जाणता होता. ओल्या काँक्रीटवर दोर ओढत तो वडिलांना म्हणाला, "आबा, दर आठ फुटावर काप देऊ. सिमेंट सुकताना आकसस. खाले आपली काळी जमीन, ती पावसात फुगस. काप नही दिधा ते सिमेंट सोता फाटीसन जागा करी लेस."

आबांनी त्या दोराकडे पाहिलं. त्यांच्या लहानपणी घराच्या वाटणीला अंगणात असाच दोर धरला होता, त्यावर चुना टाकला होता. तेव्हापासून चुलत्यांचं दार पलीकडे तोंड करून आहे.

"मी जित्ता शे तवलगून मन्हा आंगनमा रेघ नको."

गावी शेती बघणारा माझा धाकटा भाऊ तिथेच उभा होता. एका बांधावरून आमचं बिनसलं होतं आणि वर्षभर आम्ही कामापुरतंच बोलत होतो. अशा वेळी मी रेघ हवी म्हणणं म्हणजे वाटणी मागणं. मी गप्प बसलो.

काँक्रीटवर दहा दिवस ओली पोती ठेवायची होती. तिसऱ्या दिवशी भावजय आणि माझी बायको यांनी ती उचलून भिंतीला लावली आणि अंगणभर ज्वारीचे पापडासारखे बिबडे वाळत घातले. या दोघींचं उत्तम जमतं. वैशाखाचं ऊन, बिबडे फक्कड वाळले. अंगणही वाळलं, आणि त्यावर केसाएवढ्या चिरा आल्या.

पोळ्यापर्यंत पावसाने खालची जमीन फुगली आणि मोठी भेग पडली. तुळशीपासून फाटकापर्यंत, सरळ. अलीकडे माझी खोली, पलीकडे भावाची. मी नकाशावर काढली असती तर इतकी बरोबर आली नसती.

आबा दर आठवड्याला त्या भेगेत सिमेंट भरायचे. ती पुन्हा उघडायची. मग ते तिच्याकडे पाठ करून खाटेवर बसू लागले. ते बघून मला माझ्या गप्प बसण्याची लाज वाटली.

पुढच्या उन्हाळ्यात सगळं फोडलं. काळी माती उकरली, मुरूम भरून धुमसाने ठोकला, बिबडे गच्चीवर पाठवले. नवं काँक्रीट पडलं. मिस्त्रीने दोर काढला आणि हातात धरून नुसताच उभा राहिला.

आबा खाटेवरून उठून दोरापाशी आले.

"मार," ते म्हणाले. "पन एक रेघ नको. आडव्या-उभ्या, बठ्ठीकडे मार."

दोराचं एक टोक भावाने उचललं. दुसरं जमिनीवर पडून होतं, ते मी घेतलं.

"भाऊ," तो म्हणाला. दोन वर्षांत ही हाक पहिल्यांदाच. "सोडू नको."

मी सोडलं नाही.