दुमडलेली बोटं

काल दुकानात नवा बूट माझ्या पायात चढवून दुकानदाराने तो पुढून दाबून पाहिला. "सर, बोटं आत दुमडलीत. सरळ करा." मी म्हटलं, "सरळच आहेत." बायको हसली. "अहो, घरी चपलेतसुद्धा अशीच असतात."

आठवीत गुरुजींनी त्यांच्या मुलाचे बूट मला दिले होते. शाळेची वाट लांब आणि खडीची. बूट लहान होते, पण दहावीपर्यंत मी तेच घातले. ते नसते तर आमच्या घरात पहिला पदवीधर झाला नसता. गुरुजींचे उपकार मी विसरलेलो नाही. करंगळ्या मात्र तेव्हाच बधिर झाल्या.

"इथं लागतंय का?" दुकानदाराने विचारलं. मला सांगता येईना. चांगले दिवस आले की माणसाला ते कळतात, अंगाला कळतातच असं नाही. शेवटी बायकोने टाचेमागे बोट घालून पाहिलं आणि म्हणाली, "एक नंबर मोठा द्या."

आज ते घालून कामावर गेलो. आठवण झाली तेव्हा तेव्हा बोटं पसरली. संध्याकाळी मोजे काढले, तर ती पुन्हा दुमडलेली होती. केव्हा दुमडली, मला कळलं नव्हतं.