आईच्या हातातली चावी

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, आणि पहिली गाडीही माझीच. तिची रिमोटची चावी माझ्या कुर्त्याच्या खिशात राहिली आणि आईने कुर्ता साबणाच्या पाण्यात भिजवला. गाडी उघडेना. आई सकाळपासून जेवली नाही. "तुझ्या कमाईची वस्तू मी घालवली," एवढंच म्हणत राहिली.

खंडेराव गेटजवळ, आमची गाडी उभी असते तिथे समोरच, मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. आईला घेऊन तिथे गेले. दुकानदाराने चावी उघडली, बारीकसारीक भाग आपल्या चहाच्या बशीत ठेवले, स्पिरिटमध्ये ब्रश बुडवून आतला हिरवट गंज घासला, गरम हवेने सगळं सुकवलं आणि नवा सेल बसवला.

"अम्माजी, धुलाई तो बढ़िया की आपने," तो अजिबात न हसता म्हणाला, "बस निचोड़ना भूल गईं."

आईला हसू आवरेना.

मी हात पुढे केला. त्याने चावी आईकडे दिली. "आप ही दबाइए."

आईने पदराला हात पुसून बटण दाबलं. समोर गाडीचे दिवे लुकलुकले.

"उघडली गं! चल, भूक लागली."

त्या भैयांची मी ऋणी आहे. चावी माझ्या हातात दिली असती तरी गाडी उघडलीच असती; आई मात्र जेवली नसती.