वरडल्याशिवाय गाठ सुटत न्हाय

माणसाचा चेहरा ही देवाने केवळ हजामतीच्या सोयीसाठी केलेली वस्तू आहे, असं ठाम मानणारे एकच गृहस्थ मी पाहिले. ते म्हणजे माझ्या बायकोचे मामा. त्यांचा सारा भरवसा पाठीवर. बायकोकडची मंडळी मला बघायला इंदापूरला आली तेव्हा बाकीच्यांनी माझी नोकरी विचारली. मामांनी मला फाटकापर्यंत चालत जाऊन परत यायला लावलं. "पोरगा गुनाचा हाय," त्यांनी निकाल दिला, "पर बसतोय वाकडा." लग्न झालं, आणि ते वाकडं बसणं चार वर्षांनी मला भोवलं.

मी एका वकीलसाहेबांच्या ऑफिसात टायपिस्ट. कागद डावीकडे, मशीन समोर, मान दिवसभर मुरडलेली. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. पाठीत अशी कळ बसली, की तीन वर्षांची लेक हात वर करून "बाबा, उचल" म्हणायची आणि मी तिला बिस्किटाचा पुडा दाखवायचो. पुढं पुढं ती हात वर करायचीच थांबली. खरं सांगतो, कळेपेक्षा ते जास्त लागलं. डॉक्टरांच्या गोळ्यांनी झोप तेवढी झकास यायची. शेवटी बायकोने वडगाव निंबाळकरला मामांकडे निरोप धाडला.

मामा रविवारी एसटीने हजर. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखलेलं घर. पाटाचं पाणी आल्यावर वांगी-टोमॅटो लावायला लागले, पण मामांची बोटं मेंढपाळाचीच राहिली. मला घोंगडीवर पालथं घातलं, करडईचं कोमट तेल चोळलं आणि डाव्या फऱ्याखाली, म्हणजे खांद्याच्या पात्याखाली (मेंढराला असतो तसा माणसालाही फराच असतो, असं मामांचं मत) कोपर टेकवलं. जोर नाही, घाई नाही. आपलं वजन हळूहळू सोडत राहिले. "मास दडून बसलंय. त्येला इचारून आत शिरायचं असतंय," असं म्हणता म्हणता ते कुठं पोचले देव जाणे, मी लाज सोडून "आई गं!" अशी बोंब ठोकली. मामा खूश! वरडल्याशिवाय गाठ सुटत न्हाय, हा त्यांचा सिद्धांत. काय झालं बघायला शेजारचे गुरुजी धावत आले, तर मामा त्यांची पाठ न्याहाळून म्हणाले, "बसा, फुडचा नंबर तुमचा." गुरुजी आले त्याच्या दुप्पट वेगाने घरी गेले.

"मामा, हे शिकलात कुठं?" मी कण्हत विचारलं.

"मेंढरू बोलत न्हाय आन् मानूस खोटं बोलतंय. दोघांचीबी पाठच चाचपावी."

असे पाच रविवार झाले. मधल्या एका सोमवारी तर मामा थेट ऑफिसात शिरले. माझ्या टेबलाच्या पायांखाली विटा सारल्या, तेलाच्या डब्याचा पत्रा वाकवून त्यावर माझे कागद नाकासमोर उभे केले. वकीलसाहेब काही बोलणार, तोच "सायेब, तुमची मान लय फुडं आलीया" हे ऐकून त्यांचं तोंड मिटलं आणि मान मागं गेली. सहाव्या रविवारी सकाळी लेक अंगणात खेळत होती. मी वाकलो, तिला उचललं आणि खांद्यावर बसवलं. ती माझे केस धरून हसत होती, मी रडत होतो, आणि मामा मागं उभे राहून माझ्या पाठीकडे बघत होते.

लेक दहा वर्षांची झाली तोवर मामा पार थकले. शेवटचे आले तेव्हा तिचाच हात धरून एसटीतून उतरले. घरी पोचल्यावर चहासुद्धा न घेता म्हणाले, "पडा पालथं." कोपर टेकलं. मी वाट बघत राहिलो. वजनच नव्हतं हो. चिमणी येऊन बसल्यासारखं वाटलं.

"लागतंय का?" मामांनी विचारलं. इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं.

"आई गं! मामा, हळू!" मी पार गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा ओरडलो आणि घोंगडीत तोंड खुपसलं.

मामा कोपर काढून नुसता तळहात पाठीवर फिरवत म्हणाले, "पाठ खोटं बोलत न्हाय, जावाईबापू. पर वरडलात, बरं केलंत."